डाव्या हाताचा खटका

भीमराजच्या डाव्या हाताविषयी पोलीस मुख्यालयात दोन मते होती. त्या हाताची गोळी नेमकी जाते, हे सर्वांना मान्य होते. पण परिक्षेत्राच्या नेमबाजी स्पर्धेत तो हात चालेल, हे शस्त्रागार सांभाळणाऱ्या शमशेर हवालदारांना मान्य नव्हते. सारे त्यांना उस्ताद म्हणत.

"डावऱ्याला नवं पिस्तूल सोसायचं न्हाई," उस्ताद म्हणत.

त्या वर्षी संघापुढे दोन जातींची पिस्तुले होती आणि त्यांतले एक निवडायचे होते. जुन्यात गोळ्यांची मॅगझीन सोडवण्याचा खटका मुठीच्या तळाशी होता. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तो मागे ओढायचा आणि त्याच हाताने मॅगझीन खेचून काढायची. काम सावकाशीचे, पण मॅगझीन चुकून निसटत नसे, आणि डावे-उजवे हा भेद त्या खटक्याला ठाऊक नव्हता. नव्यात खटका म्हणजे चापामागचे, डाव्या अंगाचे बटण. उजव्या हाताच्या अंगठ्याने दाबले की मॅगझीन आपल्या वजनाने खाली येई. डाव्या हाताचा अंगठा मात्र पलीकडे राही.

भीमराजला चार माणसांत बोलणे जमत नसे. तिसगावाहून भरती होऊन आला, तेव्हापासून बराकीत तो पाहुण्यासारखा वावरत होता. गोळीबाराचे मैदान ही एकच जागा अशी होती, जिथे गप्प राहणे गुणात धरले जाई. संघातून नाव गेले, की ती जागाही जाणार होती. म्हणून रिकाम्या पिस्तुलावर त्याने आपल्यापुरती वाट शोधली: चापावरची तर्जनी मागे घ्यायची आणि तिनेच बटण दाबायचे. बोट बटणावर असेल तर चापावर असूच शकत नाही, याचे त्याला एकट्याला समाधान वाटे. हे तो कोणाला बोलला नाही.

निवडीला नवे निरीक्षक आबासाहेब आले. ते कोल्हापूरकडचे. भीमराजने नव्या पिस्तुलात मॅगझीन चढवली, गोळी नळीत घेतली, नेम धरला.

"हं, दाब खटका," आबासाहेब मागून म्हणाले.

मॅगझीन उरलेल्या गोळ्यांसकट मुरमात पडली. मागे रांगेत कोणीतरी खुदकन हसले. भीमराजचे कान तापले. पिस्तूल मात्र लक्ष्यावरून हलले नाही.

"अरे, हे काय?"

"साहेब... आपण खटका म्हणालात."

उस्ताद पुढे आले. "आधी नळी मोकळी कर." ती मोकळी झाल्यावर ते वळले. "साहेब, आमच्याकडं ह्यो खटका. तुमी म्हनता त्याला आमी चाप म्हनतो."

"आमच्याकडं चापालाच खटका म्हणतात," आबासाहेब म्हणाले. मग त्यांनी पडलेल्या मॅगझीनकडे पाहिले. "उस्ताद, डाव्या हाताला ते बटण सापडत नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"सापडलं की. नको तवा सापडलं."

आता रांगेतले सगळेच हसले. आबासाहेब हसले नाहीत. त्यांनी रिकाम्या मॅगझीन मागवल्या आणि भीमराजकडून दोन्ही पिस्तुलांवर त्यांची अदलाबदल करून घेतली. जुन्याच्या वेळी त्याचा उजवा हात खटक्याकडे, तिथून मॅगझीनकडे, मग कमरेच्या पाकिटाकडे गेला. नव्याच्या वेळी रिकामी मॅगझीन जमिनीला लागली, तेव्हा दुसरी उजव्या हातात तयार होती.

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही, साहेब."

"हा संघात राहील. आणि सगळा संघ नवंच वापरेल."

उस्तादांनी जुने पिस्तूल उचलले, फडक्याने पुसले आणि पेटीत ठेवले. ते त्यांच्या आवडीचे होते, हे भीमराजला ठाऊक होते.  

"मला बी दाव ते बोटाचं," उस्ताद पेटीकडे पाहतच म्हणाले. "जेवन झाल्यावर. अन् ती मॅगझीन आधी साफ कर, मुरूम गेला आसंल आत."

भीमराज खाली बसला आणि एकेक गोळी काढून रुमालावर ठेवू लागला.