शस्त्रपूजनाची बंदूक

गिरिजाने डूख धरला होता, आणि तिने तो का धरू नये हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

तिचा धाकटा भाऊ रोशन शारजाच्या हमरिया भागातल्या एका कारखान्यात फिटर होता. सूर्यकांत तिथला मॅनेजर, शिवाय शारजातल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. त्याने रोशनला सांगितलं, कंपनीचं वेल्डिंग मशीन गाडीत टाक, माझ्या व्हिलाचं गेट जोडून दे, गेटपास मागून पाठवतो. पास काही आला नाही. पोरगं कारखान्याच्या फाटकावर अडकलं. पोलिसांनी सूर्यकांतला फोन लावला तर हा गृहस्थ थंडपणे म्हणाला, अशा कुणाला मी ओळखत नाही. खलास! रोशनला आधी लॉकअप, मग डिपोर्ट, वर कायमची बंदी. आता तो लांज्यात रिक्षा चालवतो आणि गाव त्याला चोर म्हणतं. ठरलेलं लग्नही मोडलं.

गिरिजाने मंडळात सांगून पाहिलं. पण पुरावा कुठला आणायचा? 'चोराची बहीण' एवढंच तिच्या पदरात पडलं. आणि हा मेला दर सणाला माईक धरून संस्कारांवर बोलणार, नाकाने कांदे सोलणार. तरी तिने मंडळ सोडलं नाही. सजावट, रांगोळी, सामानाची आणनेण, सगळं मुकाट्याने करत राहिली.

यंदा दसऱ्याला सूर्यकांतला शस्त्रपूजन हवं होतं, तेही दणक्यात. इथे तलवार कोण आणू देणार? मग त्याने डोकं चालवलं. इथल्या लग्नांत अरबी पोरं नाचताना लाकडी रायफल गरगर फिरवतात, तीच पुजायची. नळी लोखंडी, पट्टा चामड्याचा, जरा लांबून बघितली तर खरीच वाटावी. गिरिजाने ती नाचाचं सामान भाड्याने देणाऱ्या मोईनकडून आणली. रस्त्यावर पिशवीतून बाहेर काढू नका, असं त्याने तिला दोनदा बजावलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी सूर्यकांत फेटा बांधून बिल्डिंगखाली उतरला. हॉल रस्त्यापलीकडेच. त्याने मिरवत जायचं आणि गिरिजाने फोनवरून ते लाइव्ह दाखवायचं, असं ठरलेलं. हॉलमध्ये मोठ्या पडद्यासमोर सगळं मंडळ बसलं होतं. तिने लांज्याला रोशनलाही लिंक पाठवली होती.

"सर, एवढ्या फेट्याखाली ही पिशवी शोभत नाही हो," ती म्हणाली.

सूर्यकांतला तेवढंच पुरलं. त्याने पिशवी तिच्या हातात दिली आणि रायफल उघडी खांद्यावर टाकली. वॉचमनने त्याला चारचौघांत झापावं, मंडळाने हसावं आणि भावाने ते बघावं, एवढीच तिची इच्छा होती. पण वॉचमनच्या आधी पोलिसांची गाडी आली.

दोघे उतरले ते पिस्तुलावर हात ठेवूनच. रायफल खाली पडली. रोशनच्या वेळी सूर्यकांतने हात वर केलेच होते, आता खरोखरचे वर केले आणि वाळूत गुडघ्यांवर बसला. पाचावर धारण बसली होती त्याची. टॉय, टॉय, असं तो पुटपुटत होता, पण बेड्या बाहेर निघाल्या होत्या. फोन खाली करा, असं पोलिसाने गिरिजाला खुणावलं. तिने केला. बंद मात्र केला नाही.

"गिरिजाताई, सांगा ना यांना," सूर्यकांत कळवळला. "मोईनचा नंबर तुमच्याकडेच आहे."

गिरिजा एक वाक्य बोलली असती तर तो सुटला असता. आणि तेच वाक्य रोशनच्या वाट्याला आलं नव्हतं.

"आधी तुम्ही सांगा. मशीन न्यायला रोशनला कुणी सांगितलं?"

"ही काय वेळ आहे?"

"हीच वेळ आहे."

एका मनगटात बेडी पडली.

"मी," तो रडवेला झाला. "मीच सांगितलं होतं. माझी नोकरी गेली असती हो, म्हणून नाही म्हणालो. त्याने चोरी केली नव्हती."

हॉलमधल्या पडद्यावर नुसती वाळू आणि गिरिजाची चप्पल दिसत होती. पण आवाज स्वच्छ येत होता. सूर्यकांतची बायको विभावरी पूजेचं ताट घेऊन उभी होती, ती ताटासकट खाली बसली.

मग गिरिजाने पिशवी पुढे केली, मोईनचा नंबर दिला, ही नाचाची लाकडी बंदूक आहे, पूजेसाठी आणली होती, असं नीट समजावलं. पोलिसाने रायफल उचलून उलटीसुलटी केली, सूर्यकांतकडे बोट दाखवलं आणि हिंदीत विचारलं, या माणसाला तुम्ही ओळखता का?

"ओळखते," गिरिजा म्हणाली आणि फोन तोंडाजवळ नेऊन पुढचं मराठीत बोलली. "आता सगळेच ओळखतात."