पाणकोबीच्या मुळांतल्या टिकल्या

भावाचा फोन आला तेव्हा मला पटलं की देव आहे. बाबांचं घर स्वतःच्या नावावर करून मला बाहेर काढल्यापासून त्याने साधी विचारपूस केली नव्हती. आज मात्र आवाजात मध होता.

"ताई, तळ्याचं पाणी हिरवं झालंय गं. तुझ्याकडे त्या तरंगणाऱ्या कोब्या आहेत ना? दे की थोड्या. पुढच्या महिन्यात ऑफिसचे साहेब जेवायला यायचेत, बागेतच टेबलं मांडणार आहे."

"देते की," मी म्हटलं. "तुला नाही द्यायच्या तर कोणाला?"

बाबांच्या आजारपणात त्यांचं सगळं मी केलं, आणि तळ्याचंही. भाऊ कधीतरी उगवायचा, तळ्याकाठी फोटो काढायचा आणि जायचा. घर गेलं तर गेलं, भिंतींवाचून माझं अडलं नव्हतं. मी फक्त जाड्या मागितला होता. नारिंगी, म्हातारा, एका डोळ्याने अधू मासा, बाबांच्या हातचं खाऊन पोसलेला. त्यावर भाऊ हसला होता. "मासा तळ्यात शोभतो, ताई. तुझ्या अंगणातल्या टबात काय त्याचं लोणचं घालणार आहेस?" वहिनी मागेच उभी होती. ती कधीच काही बोलत नाही. ते लोणचं माझ्या घशात अजून अडकलेलं होतं.

पाणकोबी वरून दिसते फुलासारखी, साधीभोळी. खरी भानगड खाली लोंबणाऱ्या मुळांत असते. तिथे बारीक हिरवी पानं लपून बसतात. बाबा त्यांना टिकल्या म्हणायचे. एक जरी तळ्यात गेली तरी बघता बघता पाणी दिसेनासं होतं. म्हणून बाबांचा नियम होता, रोप कोणाला द्यायच्या आधी मुळं नळाखाली धुवायची आणि काही दिवस वेगळ्या बादलीत ठेवून बघायचं. मी बरोबर उलटं केलं. कोपऱ्यातल्या बादलीत टिकल्या माजल्या होत्या, त्यातच कोब्या बुचकळल्या, मुळं विस्कटून त्यांत टिकल्या भरल्या आणि पिशवीला छान गाठ मारली.

भाऊ न्यायला आला तेव्हा त्याला चहासुद्धा पाजला. "एक लक्षात ठेव," मी दारात म्हटलं. "फवारा बंद ठेव. पानांवर पाणी उडालं की ती कुजतात."

यात तसूभरही खोटं नव्हतं, कुठल्याही रोपवाटिकेत विचारा. फवारा बंद झाला की पाणी निपचित पडतं आणि टिकल्यांना रान मोकळं मिळतं, एवढंच मी सांगितलं नाही.

मेजवानीनंतर त्याचा पुन्हा फोन आला, रडवेला.

"अगं, साहेब हातात ताट घेऊन बोलत बोलत निघाले, आणि हिरवळ समजून सरळ तळ्यात! कमरेपर्यंत! बढतीचं पक्कं होत आलं होतं, आता ते माझ्याकडे बघतही नाहीत."

मी "अरेरे" म्हणत राहिले. फोन ठेवला आणि पोट धरून हसले. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

"बुजवूनच टाकतो ते तळं," त्याच फोनवर तो म्हणाला होता. "वर फरशी घालतो. तुझा मासा घेऊन जा एकदाचा."

एका दगडात दोन पक्षी! मी झाकणाची मोठी बादली घेऊन गेले. वहिनीने टिकल्या बाजूला सारून जाड्याला दोन्ही हातांनी उचललं आणि बादलीत सोडलं. "सांभाळा," एवढंच म्हणाली.

घरी आणल्यावर जाड्या टबाच्या तळाशी जाऊन बसला. मी दाणे टाकले, कणकेच्या गोळ्या टाकल्या. बाबा त्याला शीळ घालून बोलवायचे, तशी घसा कोरडा पडेपर्यंत शीळ घातली. तो ढिम्म हलला नाही. वहिनीने फोनवर विचारलं, "तो खातो का, ताई?" मी म्हटलं, "खातो की, मागून मागून खातो." पण तो झडत चालला होता. शेवटी नाक मुठीत धरून मीच तिला बोलावलं.

ती आली. पिशवीतून एक छोटी वाटी काढून तिने टबाच्या कडेवर वाजवली. जाड्या सरळ वर आला आणि तिच्या बोटांतून खाऊ लागला.

"हा तुला कधीपासून ओळखतो?"

"तुम्ही गेल्यापासून," ती म्हणाली. "त्या घरात मी हाक मारल्यावर येणारा हा एकटाच होता." मग म्हणाली, "शेवटी शेवटी धापा टाकायचा हो. पहाटे वर येऊन तोंड उघडायचा. पाण्यात हवा मिसळावी म्हणून मी हाताने ढवळत बसायचे. हे फवारा लावू देत नव्हते ना. ताईने सांगितलंय, म्हणायचे."

तिची नजर कोपऱ्यातल्या हिरव्यागार बादलीवर गेली.

"मुळं धुवायची राहिली वाटतं," ती म्हणाली.

तिने भांडायला हवं होतं. भांडणात मला आजवर कोणी हरवलेलं नाही. भावाचं काय गेलं होतं? बढती, ती पुढे मिळेलच. तळ्याच्या जागी टेबलं येतील. गेलं ते सगळं हिचं गेलं, आणि ते मी घालवलं.

"वहिनी, उद्या येशील?"

तिने वाटी पुसली, पिशवीत टाकली. "बघते," म्हणाली आणि फाटक लावून गेली.

संध्याकाळी मी माझ्या घरातल्या सगळ्या वाट्या अंगणात आणल्या आणि एकेक करून टबाच्या कडेवर वाजवून पाहिल्या. जाड्या तळाशीच बसून होता.