गेनूच्या वाटणीचा मध

हिर्डोशीच्या ठकुबाईचा गेनू तीन वर्षांचा होत आला, तरी बोलत नव्हता. बाकी त्याला सगळं कळायचं. 'तांब्या आण' म्हटलं की तांब्या आणायचा, 'कोंबडी हाकल' म्हटलं की काठी घेऊन धावायचा. भोरला संस्थानच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कान तपासून, बोलेल म्हणून सांगितलं होतं. पण थोरली जाऊ सगुणाबाई त्याला नावानं हाक मारील तर शपथ. 'ए मुक्या, सरक. ए मुक्या, जेव.' दिवसातून पन्नास वेळा. ठकुबाईच्या अंगाची लाही व्हायची, पण ती पडली धाकटी, उलट बोलायची सोय नव्हती.

वाचा फुटावी म्हणून सासूबाई साळूबाई रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळायच्या आणि मधात कालवून नातवाच्या जिभेला लावायच्या. मध घाटाच्या रानातला, मुद्दाम आणवलेला. बरणी सगुणाबाईच्या ताब्यात. चार महिने झाले, पोराला शब्द फुटेना. मग सगुणाबाईनं सासूचे कान भरायला घेतले.

"औषद बी लागंना, आत्याबाई. हिच्या कुशीतच खोट हाय. म्होरलं पोर बी मुकंच व्हईल. माझी धाकटी भण चंद्रा हाय की. भावजींना दुसरी करा."

पौर्णिमेला सगुणाबाईचे वडील चिमाजी भोंगवलीहून बोलणी करायला येणार, असं ठरलंसुद्धा. ठकुबाईच्या नवऱ्यानं आईपुढे चकार शब्द काढला नाही. त्या घरात खरा मुका तोच, पण त्याला कोण म्हणणार?

वेखंड जिभेला लागलं की गेनू तोंड वाकडं करी आणि आईचा पदर धरून कणगीकडे ओढू लागे. भूक लागली असेल, असं ठकुबाईला वाटे. एके दिवशी ती त्याच्यामागून गेली. त्यानं कणगीमागचं पोतं उचललं. खाली मधानं भरलेलं गाडगं. तिनं बोट बुडवून चाखलं, मग चुलीपाशी जाऊन बरणीतलं चाखलं. बरणीत निव्वळ काकवी होती! पोर बघतंय, पण सांगतंय कुणाला, म्हणून सगुणाबाईनं त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या औषधाचा मध लपवला होता.

ते गाडगं तिथल्या तिथं जावेच्या टाळक्यात फोडावं, असं ठकुबाईला वाटलं. पण तिनं पोतं होतं तसं झाकलं. हिचं नाक कापायचं तर चारचौघांत, बापासमोर.

पौर्णिमेला चिमाजी ओसरीवर टेकले. साळूबाई सहाण घेऊन बसल्या.

"गेनू," ठकुबाई म्हणाली, "आजीला मध आण."

पोर कणगीमागे गेलं आणि गाडगं दोन्ही हातांनी छातीशी धरून आलं.

"ह्यो मध, आत्याबाई. बरणीत काकवी हाय, चाखून बघा. कुणी भरली, ते जाऊबाईंना इचारा."

साळूबाईंनी दोन्ही चाखलं. सगुणाबाईचा चेहरा राखेसारखा झाला.

"चंद्रीला हिकडं आणू नगा, पाव्हणं," साळूबाई म्हणाल्या. "आन् हिला बी संगं न्या."

चिमाजी मान खाली घालून उठले. ठकुबाई वाटेत आडवी आली.

"न्हाई. जाऊबाई हितंच ऱ्हातील. रोज येखंड त्याच उगाळतील, आन् माझ्या पोराला नावानं हाक मारून चाटवतील. समद्यांम्होरं."

तसंच झालं. रोज सकाळी सगुणाबाई दात खाऊन 'गेनू' म्हणे, आणि ठकुबाई समोर बसून ते पोटभर ऐके. असं सुख तिला लग्नातही मिळालं नव्हतं.

भादव्यात एका सकाळी पोरानं वेखंड चाटलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि पहिला शब्द उच्चारला.

"मुक्या."

त्याला ते आपलं नावच वाटत होतं.

ठकुबाईच्या काळजात कळ उठली. सगुणाबाई उठायला लागली, तसं ठकुबाईनं दंड धरून तिला खाली बसवलं.

"बसा. तुमीच शिकवलंय. आता त्यो 'गेनू' म्हनंस्तवर हितनं उठायचं न्हाई."