न विचारता

ओठांत धरलेली टाचणी गार लागत होती. समोर जाडे वकीलसाहेब नव्या कोटाच्या मापासाठी हात पसरून उभे होते. खांद्यावर टेप ठेवायची, एवढंच — जन्मभर तेच तर करत आला — पण आज त्याचा हात मध्येच अडला. "मास्तर, पोट बघून घाबरलात का?" वकिलांनी विचारलं. तो कसनुसा हसला. टेप ठेवली, बोटं मात्र कापडापासून लांब धरली.

गेल्या शनिवारीही खांदाच होता तो... वाचनालयाच्या मागच्या खोलीत ते सगळे जमत — लहानपणी ज्यांना घरातल्याच कुणीतरी वाईट हात लावला होता असे, आता बहुतेक केस पिकलेले, पोराबाळांचे — आणि तिथला एकच कडक नियम: विचारल्याशिवाय कुणी कुणाला शिवायचं नाही. रडणाऱ्यालासुद्धा. नव्याने आलेल्या मुलीने पहिल्यांदा तोंड उघडलं, दोन वाक्यांतच तिचा बांध फुटला, आणि त्याने — जीव कळवळला म्हणून, पण न विचारताच — सरळ तिच्या खांद्यावर हात ठेवला नि म्हणाला, "रडू नकोस, शहाणी ना तू."

ती खुर्चीसकट मागे सरकली. तिच्यापेक्षा तोच जास्त दचकला, कारण ते शब्द त्याचे नव्हतेच. थोरल्या काकाचे होते. माळ्यावरच्या खोलीत, सगळं उरकल्यावर, शर्टाची बटणं लावून देताना... रडू नकोस, शहाणा ना तू. आणि मी शहाण्यासारखा गप्प बसायचो. इतकी वर्षं काकाला शिव्या घातल्या आणि शेवटी बोललो त्याच्याच तोंडाने, तेही कुणाशी, तर तिच्याशी. तेव्हापासून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आठवडाभर गट चालवणाऱ्या ताईंचे फोन त्याने उचलले नाहीत. आज पुन्हा शनिवार; संध्याकाळी बायको दुकानात आली, शटर अर्ध्यावर ओढलं आणि म्हणाली, घरी बसून काकालाच जिंकवायचं असेल तर खुशाल बसा.

तो गेला. मुलगी आलेली होती. तिच्या चपलांकडे बघत त्याने माफी मागितली. ते शब्द कुणाचे होते, तेही सांगितलं.

"मला अजून राग आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही येऊ नका, असं मी म्हटलेलं नाही."

क्षमा नव्हती ती. बरंच झालं, त्याला वाटलं; क्षमा पेललीच नसती. मग गोलात बसल्यावर सगळ्यांना माळ्यावरची खोली सांगताना त्याला हुंदका आवरेना. शेजारच्या निवृत्त पोस्टमनने रीतीप्रमाणे विचारलं, पाठीवर हात ठेवू का? आजवर तो प्रत्येकाला 'ठेवा की' म्हणत आला होता. अंग चोरायचा, पण म्हणायचा. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून.

"नको," तो म्हणाला.

पोस्टमनने मान हलवली आणि हात स्वतःच्या मांडीवर ठेवला. रागावला नाही, कारणही विचारलं नाही. लाज होती तिथेच होती, तसूभरही हलली नव्हती... पण नको म्हटल्यावर माणसाचा हात थांबतो, हे तो या वयात पहिल्यांदा बघत होता, आणि त्या हातावरून त्याची नजर निघेना.