पंडुमाआधीची फुलं

रंजीता वाईट पोरगी नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात तिची बाजू घ्यायला फारशी जागा नाही, आणि ती स्वतःही घेत नाही.

हेमलकशाच्या पुढं दोन नाले ओलांडले की तिचं गाव. चाळीसेक घरं, सगळी माडियांची. बाप ती लहान असतानाच गेलेला. घरी माय इतवारी, आणि घरामागच्या उतारावर आज्याच्या काळापासून त्यांची म्हणून ओळखली जाणारी मोहाची चार झाडं. एवढ्यावर पोरगी आश्रमशाळेत शिकली, नागपूरला हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि तिथून शिष्यवृत्तीवर थेट फ्रान्सात, लिओं शहरात, केक-पेस्ट्री शिकायला गेली. गावात कोणी ओव्हन पाहिलेला नव्हता. कोणी विचारलं तर इतवारी सांगायची, पोरगी रोट्या शिकायला गेली. समोरचा म्हणायचा, रोट्या शिकायला एवढ्या दूर? मग ती ठसक्यात म्हणायची, तिथल्या रोट्या वेगळ्या असतात. (घरातलं बोलणं सगळं माडियातलं. इथं आपल्या बोलीत सांगितलंय, इतकंच.)

तिकडं रंजीताचे हाल काही कमी नव्हते. मैद्याच्या पोळीत थंड लोण्याची लादी ठेवायची, घडी घालायची, लाटायची, गार करायची, पुन्हा घडी. लोणी जरा वितळलं की पापुद्रे सुटत नाहीत, सगळा लगदा होतो. रंजीताचे हात गरम. शिकवणाऱ्या मादाम येता-जाता तिचे पंजे बर्फाच्या पाण्यात बुडवायला लावायच्या, आणि बाकीचे हसायचे. कुठली म्हणून विचारलं तर ती नागपूर सांगायची. मोठं शहर आहे, विमानतळ आहे, असंही जोडायची. दोन नाल्यांपलीकडच्या गावाची तिला लाज वाटायची, आता बोला.

वर्ष संपता संपता परीक्षेचा विषय लागला: आपापल्या गावचं काहीतरी घालून पेस्ट्री करायची. जपानची पोरगी तिकडचा चहा आणणार होती, मोरोक्कोचा पोरगा खजूर. रंजीताच्या डोक्यात लगेच मोह आला. गाव लपवणारी पोरगी एका दिवसात गाव मिरवायला निघाली. मायनं जाताना बांधून दिलेला जुना मोह तिनं डब्यातून काढला. मादामनं हुंगला आणि नाक मुरडलं. धुराचा वास येतो, गोणीचा वास येतो, म्हणाल्या. ताजा मिळेल का?

मार्च चालू होता. गावाकडं मोह पडायला लागला होता. आणि योगायोग असा, की नागपूरच्या कॉलेजातली तिची मैत्रीण, चंद्रपूरची हर्षा, त्याच शनिवारी नोकरीवर पॅरिसला निघाली होती. फुलं दोन उन्हं खाऊन वाळली की हर्षाच्या बॅगेतून आली असती. अडचण एकच होती. पंडुम व्हायचा होता.

नवा मोह पडला की वेचायचा, अंगणात वाळत घालायचा, पण तोंडात टाकायचा नाही आणि गावाबाहेर तर द्यायचाच नाही. आधी पंडुम. गावाची पूजा-पाती ज्याच्या हातून होते तो गायता दिवस ठरवतो, घराघरातून मूठमूठ फुलं एका टोपलीत येतात, देवाला दाखवतात, मग लहानथोर सगळे एकाच वेळी खातात. रंजीताला हे पाळण्यात असल्यापासून माहीत. कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी तिनं फोन लावला. गावात नेटवर्क येतं ते फक्त नाल्यावरच्या मोठ्या खडकापाशी. इतवारीकडं पुतण्या पवनचा जुना फोन होता. त्याचं कानाला लावायचं बिघडलेलं, म्हणून ती स्पीकर लावून, फोन हातभर लांब धरून बोलायची.

"आठ दिवसांनी पंडुम आहे, रंजी," माय म्हणाली. "तेवढं थांब."

"हर्षा शनिवारी निघते, माय. मूठभर तर पाहिजे. कोणाले समजते?"

फोनात मायच्या मागं कोणीतरी लांबलचक, घरघरता खोकला काढला. मग रंजीता जे बोलली ते तिला अजून जसंच्या तसं आठवतं, आणि आठवलं की कानशिलं तापतात.

"एवढं शिकवलं अन् आता मूठभर फुलासाठी माझं वाटोळं करते काय?"

"बरं," माय म्हणाली. फोन कटला.

फुलं आली. पिवळी, मऊ, मधासारखा वास. रंजीतानं त्यांचं सारण केलं, पापुद्रे सुटले, या वेळी हातही गरम झाले नाहीत. परीक्षेला तिघं बसले होते. ही फुलं माझ्या आईनं माझ्यासाठी आपल्या हातानं वेचली, असं तिनं त्यांना सांगितलं, डोळ्यात पाणी आणून. तिघांनी एकेक चमचा खाल्ला, एकमेकांकडं बघून माना डोलावल्या, कागदावर लिहिलं. बाकीची पेस्ट्री, आख्खी म्हणावी अशी, मदतनिसानं काळ्या पिशवीत ओतली. दहा मिनिटांत टेबल रिकामं करून द्यायचं होतं. रंजीतानं स्वतः पुसून दिलं. ती वर्गात पहिली आली.

पुढं दहाएक महिने तिनं तिथल्याच एका बेकरीत काम केलं. माय फोनवर बरी आहे म्हणायची, ही बरी आहे ना म्हणून ठेवून द्यायची. मग पुन्हा मार्च आला आणि रंजीता गावी परतली. मनात मोठा बेत होता. चंद्रपूरच्या एका हॉटेलवाल्याशी बोलणी झाली होती: गावातल्या बायकांनी मोह वेचायचा, हिनं हेमलकशात भट्टी टाकून बिस्किटं करायची. त्याआधी गावाला एकदा खाऊ घालावं म्हणून तिनं चंद्रपूरहून मैदा, लोणी, साचा असं सगळं बसमधून मांडीवर धरून आणलं.

माय म्हणाली, राहू दे ना, थकली असशील. पोरगी कुठं ऐकते. तिनं माळ्यावरचा जुना मोह काढला, मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वाळू घातली, झाकणावर निखारे ठेवले आणि केक भाजला. वास गावभर गेला. पोरं धावत अंगणात आली. रंजीतानं तुकडे पानावर ठेवले आणि पहिला तुकडा पुढं केला, तेवढ्यात एका पोराची माय आली आणि त्याचा दंड धरून मागं ओढलं. मग दुसरी आली. कोणी भांडलं नाही, कोणी वावगं बोललं नाही. एक बाई तर रंजीताकडं बघून कसंनुसं हसली. पण बघता बघता अंगण रिकामं झालं, आणि तुकड्यांवर मुंग्या चढल्या.

इतवारी कुडाकडं तोंड करून उभी होती.

खरं काय ते पवननं सांगितलं, तेही रंजीतानं त्याला नाल्यापर्यंत गाठून खोदून खोदून विचारल्यावर. पंडुमात टोपली देवापुढं ठेवायच्या आधी गायता दरवर्षी प्रत्येक घराला एकच गोष्ट विचारतो: दिवसाआधी कोणाचा हात लागला काय? सगळे गप राहतात, कारण लागलेला नसतो. गेल्या वर्षी इतवारी उठून उभी राहिली. म्हणाली, मी पाठवला गावाबाहेर. पोरीनं जुनाच मागितला होता, तिचा काही दोष नाही, मलेच नवा द्यावा वाटला. गावानं बसून ठरवलं ते ठरवलं. पुढच्या पंडुमापर्यंत तिच्या घरचा मोह कोणी खायचा नाही, आणि तिनं कोणत्याच घरचा तोंडात घालायचा नाही.

"काकीनं वर्षभर एक फूल खाल्लं नाई," पवन म्हणाला. "तुले सांगू नको म्हणली होती."

रंजीता उतारावर गेली. चारी झाडांखाली फुलांचा सडा पडून कुजत होता. माय यंदा वेचायलाच गेली नव्हती. अस्वलानं उकरल्याच्या खुणा तेवढ्या होत्या. पोरगी तिथंच मटकन बसली. तिला रडू यायला हवं होतं, पण रडूही आलं नाही. नुसती लाज आली. वर्गात बाकीचे हसले तेव्हाची ती लाज नव्हती. ती लाज दुसऱ्यांनी दिलेली होती, ही तिनं स्वतः कमावलेली.

संध्याकाळी तिनं मायला धरलं. मी सांगते सगळ्यांना, म्हणाली. इतवारी एकदम भडकली.

"गप राह्य. परवा पंडुम आहे. लालसू गायता मले परत घेणार आहे, वर्ष भरलं. आता तू सांगशील तर मी देवापुढं खोटं बोलली असं होईल. तुले माझं बरं पाहायचं आहे ना? मग गप राह्य."

आणि खरं सांगायचं तर रंजीताला हायसं वाटलं. माणसाचं असंच आहे. मायचीच इच्छा आहे म्हटल्यावर गप बसणं सोपं झालं. सांगितलं तर वर्षभर गावचा मोह तिला बंद, बायका वेचून देणार नाहीत, भट्टीचा बेत बोंबलणार, हेही तिच्या मनात येऊन गेलं. ते आलं म्हणून तिला स्वतःची किळस आली. दोन दिवस तिला अन्न गेलं नाही.

पंडुमाच्या दिवशी सगळं गाव देवाच्या जागी जमलं. इतवारी एका बाजूला, तेंदूच्या झाडाखाली एकटी बसली होती. हातात पानात बांधलेली मूठभर फुलं, त्याच सकाळी वेचलेली, बोलावतील तेव्हा पुढं न्यायला. नवं लुगडं नेसली होती. गायता लालसू, सत्तरीचा माणूस, घराघराचं नाव घेऊन विचारत गेला. दिवसाआधी हात लागला काय? घर गप राहायचं. मग पुढचं. इतवारीचं घर सगळ्यात शेवटी आलं. इतवारी उठायला लागली. लेक तिच्याआधी उठली.

"यंदा नाई," रंजीता म्हणाली. "गेल्या वर्षी. मी मागितला. माय नाई म्हणत होती. पंडुम व्हायचा आहे हे मले माहीत होतं. मीच म्हणलं, कोणाले समजते."

इतवारीनं डोळे मिटून घेतले. लालसूला खोकला आला. लांबलचक, घरघरता. रंजीतानं तो ओळखला. फोनात मायच्या मागं ऐकला होता तोच.

"माहीत आहे," लालसू म्हणाला. "तुझा फोन आला तवा खडकावर आम्ही नऊ जण होतो. सगळ्यांनी ऐकलं. वाटोळं करते काय म्हणली, तेही ऐकलं."

गावातल्या एकाही माणसानं मान वर केली नाही. लाजेनं नव्हे, तिला आणखी लाज वाटू नये म्हणून. ते तर अधिकच वाईट होतं.

"तुझ्या मायनं तुझ्यासाठी खोटं सांगितलं," लालसू म्हणाला. "मायचं खोटं म्हणून आम्ही ते ठेवून घेतलं. तू येशील अन् सांगशील, असं वाटत होतं. देवालेही तसंच सांगून ठेवलं होतं."

मग त्यानं इतवारीला नावानं बोलावलं आणि तिची फुलं टोपलीत घेतली. बायकांनी सरकून तिला मधे जागा केली. रंजीताला कोणी काही म्हणालं नाही. ती आपणहून गेली आणि तेंदूखाली, माय बसली होती तिथं बसली. वर्षभराची जागा आता तिची होती, हे कोणी सांगायला नको होतं.

टोपली फिरली. सगळ्यांनी एकदम खाल्लं. थोड्या वेळानं इतवारी आपलं पान घेऊन उठली आणि लेकीच्या शेजारी येऊन बसली. पान पुढं केलं नाही, करता येणार नव्हतं. वर्षानं मिळालेली फुलं ती एकेक करून, सावकाश चावून खात होती.

"तुझा तो तिकडचा केक," तिनं विचारलं. सबंध वर्षात पहिल्यांदा. "सगळ्यांनी खाल्ला ना? पुरला ना?"

हो म्हणणं सोपं होतं. रंजीतानं तोंड उघडलंही होतं त्यासाठी.

"नाई माय. तिघांनी तीन चमचे खाल्ला. बाकीचा फेकला."

इतवारी चावायची थांबली. समोर मोह खात बसलेल्या गावाकडं तिनं बघितलं. मग पानातलं शेवटचं फूल उचलून तोंडात टाकलं, पानाला चिकटलेला पराग बोटानं निपटून चाटला, आणि रिकामं पान लेकीपुढं उलटं करून धरलं.

"असं खातेत," ती म्हणाली.