बाहेर उघडणारं दार

शिलाईकाकू लग्न होऊन आल्या तेव्हा दुकानात चढायला तीन पायऱ्या होत्या. सगळ्यात वरच्या पायरीवर त्यांचे यजमान पाय सोडून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सदऱ्यांना नावं ठेवत. मग शहर वाढायला लागलं. शहर वाढतं म्हणजे लांब-रुंद होतं, उंच होतं, असं लोक म्हणतात. काकूंच्या गल्लीत ते जाड झालं. दर तीन-चार वर्षांनी जुन्या रस्त्यावर डांबराचा नवा थर पडायचा आणि रस्ता पायऱ्या गिळत वर यायचा. पहिली पायरी गेली तेव्हा काकूंच्या गुडघ्यांना बरंच वाटलं. दुसरी गेली त्या साली यजमान गेले. तिसरी गेल्यावर रस्त्यावरचं पाणी गिऱ्हाइकाच्या आधी दुकानात यायला लागलं.

त्यात दुकानाचं दार बाहेर उघडणारं. आत कापायचं भलंमोठं टेबल, त्यामुळे दार आत उघडायला जागाच नव्हती. मागे नुसती भिंत. सुताराने दार खालून दोनदा तासून दिलं होतं. तिसऱ्यांदा बोलावलं तर म्हणाला, "काकू, आता आणखी कापलं तर दार राहणार नाही, खिडकी होईल." दाराखाली दोन बोटं जागा उरली होती आणि नवा थर चार बोटांचा मंजूर झाला होता. तो पडला की चाळीस वर्षांचं दुकान बंद.

काकू पाच वेळा अर्ज घेऊन कचेरीत जाऊन आल्या. तिथले रस्त्यांचे साहेब, गल्ली त्यांना रस्तेसाहेबच म्हणायची, दर वेळी गोड बोलायचे.

"काकू, तुमचं अगदी खरं आहे. पण कागदात 'थर टाकणे' आहे. 'जुने थर काढणे' नाही."

"मग कागदात घाला."

"त्याला मोठ्या साहेबांची सही लागते."

"मग घ्या सही."

"त्याला आधी माझी शिफारस लागते."

"मग करा की शिफारस!"

"बघू," म्हणत साहेब अर्जावर शिक्का मारून परत द्यायचे. न वाचता.

शेवटी एका सकाळी रोलर गल्लीत शिरलाच. काकूंची नणंद, काजबटणं करणारी, खिडकीच्या गजांतून बघत म्हणाली, "वहिनी, आला हो तुमचा काळ. चांगला धूर सोडत आलाय."

"वन्सं, तुम्ही बटणं लावा. तोंडाला लावलंत तरी चालेल."

इतक्यात उघड्या दारातून रस्तेसाहेब आत आले. अंगावर कोरी पँट आणि तिचे पाय टाचांखाली लोळत होते.

"काकू, मोठे साहेब बघायला येतायत. दहा मिनिटांत खालून दुमडून द्या." मग दाराबाहेर तोंड काढून रस्त्यावरच्या मुकादमाला ओरडले, "मुकादम, मी येईपर्यंत थांबू नका, काम चालू ठेवा!"

पँट उतरवून साहेब पडद्याआडून आले ते अस्तराचं गुलाबी कापड कमरेला गुंडाळून. नणंदेने खिडकीकडे तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते.

"दार लावा हो, धूर येतोय," साहेब म्हणाले. काकूंनी दार ओढून घेतलं आणि मशीन सुरू केलं.

थोड्या वेळाने नणंद म्हणाली, "वहिनी, डांबर दाराशी आलं."

"साहेब, दाराशी आलंय," काकू म्हणाल्या. "थांबवायचं का? दार बाहेर उघडतं."

"छे छे, चालू द्या. बघू नंतर."

पाच वेळा नेलेल्या त्या अर्जातही दार बाहेर उघडतं असंच लिहिलं होतं. रोलर गडगडत दारावरून पुढे गेला. काकूंनी एका पायाची शिलाई संपवली, दोरा तोडला आणि चष्मा पुसायला घेतला.

बाहेर गाडी थांबली. "कुठे आहेत तुमचे साहेब?" असा जाड आवाज आला. रस्तेसाहेबांनी दाराला धक्का दिला. दार हललं नाही. त्यांनी खांदा लावला. अस्तर सुटता सुटता राहिलं.

"आता खिडकीतूनच भेटा," नणंद जागा करून देत म्हणाली. "आमच्याकडे सगळे हल्ली वाकूनच बघतात."

मोठे साहेब खरोखरच वाकले. एकेकाळी ती खिडकी माणसाच्या डोक्यावर असायची. त्यांना गजांमागे गुलाबी अस्तरातले रस्तेसाहेब दिसले.

"हे काय आहे?"

"साहेब, मी आत अडकलोय. मुकादम, काढा तो थर!"

मुकादम बिचारा प्रामाणिक. "साहेब, कागदात 'टाकणे' आहे. 'काढणे' नाही. तुम्हीच सांगितलं होतं."

काकूंनी टेबलाच्या खणातून पाच शिक्क्यांचा अर्ज काढला आणि साहेबांपुढे पेन ठेवलं. "शिफारस इथे. आधी वाचून घ्या."

साहेबांनी प्रथमच वाचलं. 'या गल्लीतले सर्व जुने थर काढावेत, सुरुवात दुकानापासून करावी.'

"सर्व?"

"मी कमी शिवत नाही, कमी मागतही नाही."

साहेबांनी शिफारस लिहून अर्ज गजांतून बाहेर दिला. मोठ्या साहेबांनी तो दोनदा वाचला, मुकादमाच्या पाठीवर ठेवून सही केली आणि गाडीत बसताना त्यांचं पोट गदगदा हललेलं नणंदेने पाहिलं.

पहारी चालू झाल्या. ताजा थर निघाला, दार करकरत उघडलं. रस्तेसाहेबांनी सुस्कारा सोडला.

"सुटलो! काकू, पँट द्या."

"एक पाय राहिलाय."

"मग शिवा ना पटकन."

काकू उंबऱ्यात येऊन बसल्या होत्या. खाली डांबराच्या थरांमधून दगडाची एक कड वर येत होती, मधोमध थोडी खोलगट. तिथे यजमान बसायचे. काकूंनी पदराने तिच्यावरची माती पुसली आणि पाय सोडून बसून पाहिलं. पाय अजून डांबरालाच टेकत होते.

"काकू! दुसरा पाय?"

"शिवते हो," काकू न वळता म्हणाल्या. "आधी खालच्या दोन दिसू देत. मुकादम, घाई नको. साहेब आहेत आत."