ऊन दाखवलेला चिरूट

मी एक जुना चिरूट आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मला पाहिले नसेल, आणि तेच बरे आहे. मी जळण्यासाठी बनलो आणि मला जाळाचीच भीती वाटते.

माझी गोष्ट सलग नाही, हे आधीच सांगतो. माझे आयुष्य एका पेटीत गेले. तिचे झाकण इतके घट्ट बसते की आत उजेड येत नाही, आवाजही येत नाही. झाकण उघडले की मी जगू लागतो. ते पडले की गोष्ट जिथे असेल तिथे

*

उघडले. लवकर सांगतो.

दूरच्या एका गरम देशात मी तंबाखूचे पान होतो. तिथल्या लोकांनी मला सावलीत वाळवले, ढिगात दाबून उबवले आणि एका बाईने इतर पानांसोबत घट्ट गुंडाळले. परदेशात नोकरी करणाऱ्या रविराजने मला माझ्या भावंडांसह सुगंधी लाकडाच्या पेटीत घालून धारूरला आणले, आपल्या वडिलांसाठी. त्यांचे नाव राधाकिशन. सगळे त्यांना आबा म्हणतात.

"आबा, आत हा वला स्पंज हाय, तो वाळू द्यायचा न्हाई," रविराज समजावत होता. "झाकणावरचा काटा आतली ओल दाखवतो. ऊन, वारं अजिबात लागू द्यायचं न्हाई."

तेवढ्यात आबांच्या पत्नी वच्छलाबाई चहा घेऊन आल्या. त्यांच्या कानावर पुढचेच पडले.

"आन् लगेच वढायची न्हाई. मुरू द्यायची. जितकी मुरंल तितकी भारी."

"मुरू द्यायची? लोणच्यावानी?" वच्छलाबाईंनी विचारले.

"हां आई, लोणच्यावानीच समज," रविराज हसत म्हणाला.

मित्रांनो, तो शब्द ध्यानात ठेवा. पुढे त्या एका शब्दाने माझा

*

उघडले. हात आत आला. माझ्या शेजारचा गेला.

घरात काही चांगले घडले की आबा एक चिरूट काढत. निवडणूक जिंकली, एक गेला. बोअरला पाणी लागले, एक गेला. रविराजची मुलगी आरोही हिचा अंबाजोगाईला डॉक्टरकीला नंबर लागला, आणखी एक. दर वेळी आबा आम्हाला नाकाशी धरून म्हणत, "वा! काय मुरलीय!" ज्याची स्तुती झाली तो परत आला नाही. म्हणून मला कौतुकाची धास्ती बसली. कमी मुरावे असे वाटे. पण मुरणे आपल्या हातात नसते. अंधारात पडून राहिले की ते आपोआप

*

उघडले. आता मी एकटाच उरलो होतो.

"आबा, छाती ऐकू द्या ना," आरोही म्हणत होती.

"डाक्टर झालीस का? आधी पास हो, मग ऐक." आबांनी माझ्यावर बोट ठेवले. "ही तुझ्यासाठी ठिवलीय. तू डाक्टर झाली की त्या दिशी पेटवणार."

"म्हणजे मी डॉक्टर व्हायचं आणि पहिले पेशंट तुम्ही?"

"लई शहाणी हाय!" आबा हसले. हसण्याचा खोकला झाला. त्यांचा हात पेटीवर होता, तो खोकला लाकडातून माझ्यापर्यंत आला. वाळलेले पान मुठीत चुरगळल्यासारखा तो आवाज होता. तो आवाज मी ओळखतो. मी पान आहे.

त्या दिवसापासून मी दुप्पट भ्यालो. मी पेटलो तर एकटा जळणार नव्हतो. आबांची ती छाती माझ्याबरोबर

*

उघडले. आबा नव्हते. वच्छलाबाई होत्या, आणि शेजारच्या भिवराबाई.

"धाप लागून दवाखान्यात पडलेत अंबाजोगाईला, आन् त्यांची वस्तू हितं दमट पडलीय. बघ, फडकं सुदिक वलं हाय," वच्छलाबाई स्पंज पिळत म्हणाल्या.

"टाक की उकिरड्यावर! ह्यानंच तर धाप लागली त्यांना."

"टाकू कशी गं? जीव हाय त्यांचा ह्याच्यात. घरी येतील तवा नीट पायजे. लोणच्यावानी मुरत ठिवलंय, म्हणलाता रवी. बुरशी आली तर? ऊन दाखवते."

"आन् हे घड्याळ?" भिवराबाईंनी झाकणावरच्या काट्याकडे बोट दाखवले.

"ते पहिल्यापासून बंदच हाय."

मित्रांनो, त्यांनी मला गच्चीवर नेले. एका बाजूला मिरच्या, दुसऱ्या बाजूला कुरडया, मधे मी. झाकण सताड उघडे. माझे आयुष्य पहिल्यांदाच सलग चालू राहिले, आणि मी झाकण पडण्याची वाट पाहू लागलो. ऊन अंगात शिरत गेले. कातडी ताणली. जी ओल मी इतकी वर्षे धरून ठेवली होती ती निघून जात होती आणि मला ओरडता येत नव्हते. वच्छलाबाई मायेने मला या कुशीवरून त्या कुशीवर करत होत्या.

काटा खाली सरकू लागला.

"अगं बया! भिवरे, घड्याळ चाललं की गं!" त्या हरखून ओरडल्या.

माझ्या पाठीवर कट्ट झाले. बारीकशी चीर पडली. ती कोणालाच

*

उघडले. घरात पेढे होते. आरोहीचा निकाल मोबाईलवर आला होता. ती डॉक्टर झाली होती. आबा खाटेवर बसले होते, निम्मे झालेले. त्यांच्या हातात काडेपेटी होती.

"आबा, पुन्हा धूर घेतला तर खैर नाही, असं तुम्हाला दवाखान्यात सांगितलंय," आरोही म्हणाली.

"मी शब्द दिलता."

"कुणाला?"

"हिला." त्यांनी मला उचलले. काडी ओढली. जाळ माझ्या तोंडाशी आला. मी भुशासारखा कोरडा झालो होतो, एका ठिणगीत भडकलो असतो. आबांनी मला जरा दाबले आणि माझी पाठ फुटली. मी त्यांच्या धोतरावर सांडलो.

"पेटीला हात कुणी लावलाता?"

"मी," वच्छलाबाई पुढे आल्या. "ऊन दाखवलं."

"ऊन? हिला?"

"मुरत ठिवलेल्या लोणच्याला दाखवतेच की! घड्याळ बी चालू झालंतं."

आबांनी काट्याकडे पाहिले, मग बायकोकडे. आधी त्यांना हसू आले, मग खोकला. त्या खोकल्याने काडी विझली. खोकला थांबेना. आरोहीने पाठ धरली, वच्छलाबाई छाती चोळू लागल्या. मी आबांच्या मुठीत होतो. आतले सगळे मला ऐकू येत होते. मला वाटले, आता हे झाकण पडते.

श्वास परत आला. वच्छलाबाई रडत होत्या. "मीच इस्कोट केला तुमच्या वस्तूचा."

काडेपेटीत काड्या होत्या, आणि माझा एक तुकडा पेटण्याजोगा शाबूत होता. आबांनी काडेपेटी वच्छलाबाईंच्या हातात दिली.

"आरोही," ते म्हणाले, "ऐक बाई छाती."

*

आता मी गोधड्यांच्या ट्रंकेत असतो. "तंबाखू हाय, कसर तरी लागणार न्हाई," म्हणत वच्छलाबाईंनी मला फडक्यात बांधून इथे टाकले. झाकण पडले की इथेही अंधारच. भीती गेलेली नाही, फक्त बदलली आहे. मित्रांनो, तुमच्या घरात कोणी काही जपून ठेवले असेल, तर ते कशासाठी आहे, हे त्यांना एकदा विचारा. आणि विचारताना त्यांचा श्वासही ऐका.

थंडी पडली की ट्रंक पुन्हा उघडेल. हात गोधड्या घ्यायला येईल. कोणाकोणाच्या निघतील आणि कोणाची तळाशीच राहील, हे मला माहीत नाही. त्या दिवसाची मला जाळापेक्षा जास्त भीती

*

उघडले.

"आरोही, गारठा लई हाय. आधी आबाची गोधडी काढ गं."